दिवसा राम, रात्री कृष्ण

पहिला दिवस : दादर ते चितार आळी

तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते. म्हणजे तारीख नुकतीच बदललेली असते आणि आरक्षण करणारा माणूस हमखास एक दिवस चुकतो. मीही चुकलो होतो. भाचीने वेळेत पकडलं, नाहीतर आदल्या रात्री फलाटावर दोघंच बसलो असतो.

माझा धंदा स्क्रीन प्रिंटिंगचा. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, दुकानांच्या पिशव्या. तीसेक वर्षांपूर्वी कमर्शिअल आर्ट शिकलो तेव्हा अक्षरं ब्रशने काढायचो, पोस्टर कलरने. भाची डिझाईनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ती टॅबलेटवर काढते. तिला कॉलेजने प्रकल्प दिलाय : एक जुनी कलापद्धत घ्यायची, आजच्या कामाशी ताडून बघायची. तिची आई म्हणाली, मामाला घेऊन जा, तो जुना आहेच.

गाडी दुपारी सावंतवाडी रोडला पोहोचली. स्टेशन मळगावात, गाव तिथून रिक्षाच्या अंतरावर. मोती तलावाच्या काठावरच लॉज मिळाला. हा तलाव 1874 सालचा. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला राजवाडा, मध्ये पाणी. भाचीने सामान टाकलं आणि खिडकीतूनच एक स्केच काढलं. दोन बोटं आपटली की रेघ पुसली जाते, ते मला अजून बघवत नाही.

संध्याकाळी चितार आळीत गेलो. चिताऱ्यांची आळी म्हणून चितार आळी. दुकानांत लाकडी केळी, वांगी, मिरच्या, सीताफळं, अर्धा कापलेला आंबा, भातुकलीचे संच, रंगीत पाट. यातली फळं बरीचशी पांगाऱ्याच्या लाकडाची. पांगारा इतका हलका की डोळा सांगतो अर्धा किलोचा पेरू आहे आणि हाताला काहीच लागत नाही, हात उगाच वर उडतो. भाचीचा तीनदा उडाला. म्हणाली, "मामा, रेंडरिंग परफेक्ट आहे, फक्त वजन लोड झालेलं नाही."

दुकानातल्या आजोबांना विचारलं, भातुकली अजून खपते का. "खेळूक कोण नेता? शोकेसमधे ठेवूक नेतत," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पोरांक प्लास्टिक. प्लास्टिकान मारल्यान आमका."

हे 'खेळूक' आणि 'ठेवूक' पुढचे पाच दिवस आमच्या मागे लागणार होतं, तेव्हा कळलं नाही. मी आपला एक पाट घेतला.

दुसरा दिवस : राजवाडा

जांभ्या दगडातला राजवाडा तिसऱ्या खेम सावंतांच्या काळातला, अठराव्या शतकातला. त्याच्या एका भागात आता हॉटेल आहे. पण आम्हाला हवा होता तो दरबार हॉल. तिथे भिंतीकडेला टेबलं मांडून कलाकार गंजिफा रंगवत बसलेले असतात आणि कोणीही जाऊन बघू शकतं.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. खेळ इराणकडून आला. बाबराने 1527 मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आठवणींत आहे. मुघल जोडात, म्हणजे पत्त्यांच्या संचात, आठ रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण 96. आपल्याकडे आल्यावर त्यांचा दशावतार झाला : दहा अवतारांचे दहा रंग, 120 पानं. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याच्या सत्तीवर सात मासे, कूर्माच्या नव्वीवर नऊ कासवं, परशुरामाच्या पंजीवर पाच परशू. शिवाय प्रत्येक अवताराची जमीन, म्हणजे चिन्हांमागची पार्श्वभूमी, वेगळ्या रंगाची. म्हणजे चिन्ह दिसलं नाही तरी रंगावरून पान ओळखता यावं.

भाची इथे पहिल्यांदा गप्प झाली. तिच्या अभ्यासक्रमात 'कलर कोडिंग' नावाचा अख्खा धडा आहे.

एका ताईंसमोर बसलो. त्या नरसिंहाच्या राजाची कड काढत होत्या. हातात बारीक ब्रश, करंगळी पानावर टेकवलेली, आणि ब्रश जवळजवळ स्थिर. फिरत होतं ते डाव्या हातातलं पान. मला एकदम माझे मास्तर आठवले. 'ब्रश हलवू नकोस, कागद फिरव' हे ते पट्टी मारून शिकवायचे. गोल आकाराला हे सोपं जातं, चौकोनाला नाही. गंजिफा गोल का, याची कारणं लोक बरीच देतात. मला त्या क्षणी वाटलं, काढणाऱ्याच्या डाव्या हाताला विचारा.

जुनी कृती अशी : कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, वाळले की गोल कापायचे, अंगाला खडूचा लेप देऊन गोट्याने घोटायचे, मग रंग आणि वरून लाखेचा हात. कापड, चिंचोका, लाख, सगळं आसपास मिळणारं. चिंचोक्याची खळ मीही वापरली आहे. आमच्या लहानपणी पतंगाला आणि वह्यांच्या कव्हरांना तीच असायची. आता कागदी पुठ्ठा आणि बाजारातले रंग आले. त्याबद्दल ताईंना काही अपराधी वाटत नव्हतं आणि वाटू नये असंच माझं मत. आम्हीही कापडी स्टेन्सिल सोडून नायलॉनच्या जाळीवर गेलोच की.

पूर्वी दोन दर्जे असत, दरबारी आणि बाजारी. दरबारी पानाला नक्षीची कड, बारीक काम. बाजारी पानाला कड नाही, हात सैल, चार फटकाऱ्यांत मासा. भाचीला दरबारी आवडले. मला, धंदेवाईक माणसाला, बाजारी जास्त भावले, पण त्याचं कारण सांगता येईना. ते दोन दिवसांनी सापडलं.

ही कला इथे जवळजवळ संपली होती. छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळायला लागल्यावर हाताने रंगवलेल्या 120 पानांचं कोण काय करणार? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलाकाराला गाठलं. काम येणारा तो जवळपास शेवटचा माणूस. राजा-राणी दोघं स्वतः शिकले, मग वाड्यात इतरांना शिकवलं. तो धागा तुटला असता तर हा हॉल नुसता झुंबरांचा राहिला असता.

याच काळात गंजिफांच्या मागे लागलेला दुसरा माणूस म्हणजे रुडॉल्फ फॉन लायडन. जन्माने जर्मन, तीसच्या दशकात मुंबईत आलेला कलासमीक्षक. गंमत अशी की प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या, म्हणजे हुसेन-सूझा-रझा मंडळींच्या पाठीशी सुरुवातीला जे थोडे लोक उभे होते त्यांतही हाच. एका हाताने नव्या कॅनव्हासला टाळी आणि दुसऱ्या हाताने गोल पत्ते गोळा करणं. आमच्या कॉलेजात 'पारंपरिक' आणि 'आधुनिक' अशी दोन वेगळी कपाटं होती, वेगळ्या किल्ल्यांची.

निघताना ताईंना विचारलं, खेळतात कसा? त्यांनी ब्रश धुता धुता सांगितलं. तिघांनी बसायचं, प्रत्येकाला चाळीस पानं. हुकूम नाही. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाच रंगांत एक्का मोठा, ते लक्षात ठेवायचं. आणि सुरुवात कोणी करायची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो, रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा असलेला.

"तुम्ही खेळता?" भाचीने विचारलं.

त्या हसल्या. "मला रंगवायला येतं. खेळायला तिघं लागतात."

पूर्ण जोडाची किंमत विचारली. वाजवी होती, 120 पानांचं हाताचं काम आणि वर सरकत्या झाकणाची रंगवलेली पेटी. पण माझ्या एका मोठ्या ऑर्डरचा नफा त्यात गेला असता. चौकटीत लावलेलं एक पान घेतलं, मत्स्याचा राजा. अलीकडे गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालंय. बाहेर आल्यावर भाची म्हणाली, "120 पैकी एक पान घेऊन आपण काय करणार?"

"भिंतीला लावणार."

"म्हणजे शोकेसमधे ठेवूक," ती म्हणाली. मालवणी लवकर उचलते.

तिसरा दिवस : पिंगुळी आणि जत्रा

सकाळची एसटी धरून कुडाळ, तिथून पिंगुळी. ठाकर समाजाची वस्ती गुढीपूर भागात आहे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचं 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे छोटं संग्रहालय केलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोठा म्हणजे खरोखर गोठाच. उंची बेताची, गारवा छान, आणि दोरीला टांगलेल्या कळसूत्री बाहुल्या आपल्याकडे बघत असतात.

चित्रकथी ऐकायला बसलो. समोर गायक, हाताशी वीणा, साथीला हुडुक हे छोटं चर्मवाद्य आणि टाळ. मांडीसमोर पाटीला टेकून चित्रांचा गठ्ठा. या गठ्ठ्याला पोथी म्हणतात, अक्षर एकही नसताना. प्रत्येक चित्र साधारण हातभर कागदावर, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक आख्यान संपेपर्यंत वीस, तीस, कधी पन्नास चित्रं उलटली जातात. बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख आहे, तो ग्रंथ चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा. म्हणजे धंदा निदान तेवढा जुना.

आम्हाला सीताहरणातला तुकडा मिळाला. चित्रात दोन माणसं, समोरासमोर, एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे. मागे ना डोंगर ना झाड, कोरा कागद. भाचीने माझ्या कानात सांगितलं, "बॅकग्राउंड रिकामं का आहे बघ. तो गातोय ना बॅकग्राउंड." गायक अरण्य गात होता खरा. काटे, पानं, पाखरं, सगळं शब्दांत आणि हुडुकाच्या ठेक्यात. एका ठिकाणी रावण दाराशी आला आणि गायकाने चित्र उलटलंच नाही. मिनिटभर तेच चित्र. फक्त आवाज खाली आणला. आम्ही दोघंही त्या कागदातल्या रावणाकडे असे बघत होतो की आता तो हलेल.

भाचीला कॉलेजात शिकवतात की सेकंदाला चोवीस चित्रं लागतात. इथे मिनिटाला एक.

नंतर चहा झाला, बोलणं झालं. पूर्वी हे लोक देवळाच्या उत्सवांतून रात्ररात्र कथा सांगायचे, गावं ठरलेली असायची, सावंतवाडीकरांचा आश्रय होता. पोथी घरात देवासारखी ठेवायची, फार जीर्ण झाली की पाण्यात सोडायची. हे ऐकून मला पोटात कालवलं. संग्रहालयवाल्यांनाही कालवतं, म्हणून तर जुन्या पोथ्या आता काचेमागे आहेत आणि ते बरंच झालं. पण जी माणसं पोथी पाण्यात सोडत, त्यांना नवी काढता येत होती, ही गोष्ट काचेमागून दिसत नाही.

आज इथली मुलं तीच माणसं साड्यांवर, पिशव्यांवर, भिंतींवर काढतात. त्या साडीवर सीता आहे, रावण आहे, मात्र त्या दोघांत काय बोलणं झालं ते साडी सांगत नाही. कुणी याला ऱ्हास म्हणेल. मी लग्नपत्रिकेवर गणपती छापून पोट भरणारा माणूस, मी कुठल्या तोंडाने बोलू? एक पिशवी घेतली.

चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघायचा राहिला, तेव्हा पुन्हा येणं आलं.

खरी रात्र पुढे होती. चितार आळीतल्या आजोबांनी सांगितलं होतं, मार्गशीर्ष आहे, जत्रा सोडू नका. सावंतवाडीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावी गेलो. देवीची ओटी, दिव्यांच्या माळा, खाजं विकणाऱ्यांच्या रांगा. आल्याचं, गुळाचं ते खाजं भाचीने पावशेर एकटीने संपवलं. रात्री बारानंतर देवळासमोर दशावतार, म्हणजे इकडचं रात्रभराचं लोकनाट्य, सुरू झालं.

त्याआधी तासभर मी रंगपटात, म्हणजे देवळाच्या पडवीत, बसून राहिलो. नटमंडळी आपापल्या पेटाऱ्यावर बसून, छोटा आरसा गुडघ्यावर टेकवून स्वतःच रंग लावत होती. स्त्री पार्ट करणारा एक जण भुवईची रेघ ओढत होता. ब्रश स्थिर, चेहरा किंचित फिरवलेला. मी मनात म्हटलं, सापडलात.

आधी आडदशावतार : गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव आणि वेद चोरणारा काळाकभिन्न संकासूर. तो मालवणीत लोकांची टर उडवत फिरतो, आणि कोणालाच सोडत नाही. भाचीच्या हातात टॅबलेट बघून तिच्यापाशीच येऊन उभा राहिला. "ह्या काय? पाटी? मास्तरांनी अभ्यास दिल्यानी?" सगळा मंडप हसला. मग आख्यान. संहिता लिहिलेली नसते. दुपारी कथा ठरते, कोणी काय व्हायचं ते ठरतं, बोलणं रंगमंचावर जुळवायचं. पेटीवाला बाजूला बसून नटाचा श्वास बघत सूर धरतो.

आणि मग एकदम लेझर लाईट. धूर. लाकडी बाकाऐवजी चकचकीत सिंहासन. नाग फणा काढून वर आला, डोळ्यांत लाल दिवे. याला इकडे 'ट्रिकसीन' म्हणतात. हल्ली जाहिरातीतच लिहितात, ट्रिकसीनयुक्त दशावतार. मी कपाळाला हात लावला. एवढी ऐसपैस परंपरा, दोन बाकं आणि एका पडद्यावर त्रिभुवन उभं करणारी, तिला हे कशाला? शेजारच्या काकींना माझी नाराजी दिसली असावी. त्यांनी मुलाच्या अंगावर शाल ओढली आणि म्हणाल्या, "पोरां ह्याच्यासाठी जागी रवतत."

मुलगा खरंच टक्क जागा होता. मी मागे वळून पाहिलं. पहाटे तीन वाजता शेकडो माणसं थंडीत, जमिनीवर, चादरी घेऊन. दरबार हॉलमध्ये आम्ही सहा जण होतो, पिंगुळीत दोघं. दशावतार बदललाय, काही ठिकाणी वाईट बदललाय. पण आख्यान रंगलं की नागाचे दिवे बंद झाल्याचं कोणाच्या लक्षातही आलं नाही. वैतागलेला राजा आणि त्याची बायको यांचं भांडण वीस मिनिटं नुसत्या शब्दांवर चाललं. त्यात गावच्या रस्त्याचे खड्डेही आले.

पहाटे दहीकाला फुटला तेव्हा आम्ही बसायच्या पलीकडे गेलो होतो.

चौथा दिवस : ट्रेडल मशीन

दुपारपर्यंत झोप. उठलो तर भाची जमिनीवर मांडी घालून, मत्स्याचा राजा पुढ्यात. म्हणाली, "आपण जोड करू या. 120 पानं."

"वेडी आहेस?"

"तुझा धंदा काय आहे, मामा?"

बाजारात एक प्रिंटिंग प्रेस शोधला. छपाईवाल्याला छपाईवाला लगेच कळतो, शाईच्या वासाने. त्यांच्याकडे जुनं ट्रेडल मशीन होतं. एकेकाळी त्यावर अक्षरांचे खिळे लावून छापायचे, आता छपाई सगळी ऑफसेट आणि डिजिटल. पण ट्रेडल कोणी भंगारात देत नाही. त्याला डाय, म्हणजे कापायचा साचा, लावून पुठ्ठा कापायला वापरतात. त्यांच्याकडे हॉटेलांसाठी कोस्टर कापायची गोल डाय तयारच होती, साडेतीन इंची. बिअरच्या ग्लासाखाली जाणारा गोल. साडेतीनशे जीएसएमचा बोर्ड लावला, फ्लायव्हील फिरलं, खाडखाड करत अर्ध्या तासात 130 चकत्या. दहा वाया गेलेल्या धरून. मालकांनी पैसे घ्यायला आधी नकार दिला, मग फक्त बोर्डाचे घेतले.

लॉजच्या खोलीत रात्री नऊला सुरुवात केली. हिशोब असा : एका रंगात एक ते दहा, म्हणजे 55 चिन्हं. दहा रंगांत 550. शिवाय वीस राजे आणि प्रधान. भाचीने ठरवलं होतं की टॅबलेटवर एकदा मासा काढायचा आणि कॉपी करायचा, प्रिंट कुठूनही मिळेल. मी म्हटलं, एक रंग तरी हाताने काढू.

पहिला मासा तिने खवल्यांसकट काढला, कल्ल्याची रेघ, डोळ्यात बुबुळ. तिसऱ्या पानापर्यंत खवले गेले. पाचव्यावर कल्ला गेला. आठव्या पानावर मासा म्हणजे एक पोट, एक शेपटी आणि एक ठिपका. तीन हालचाली. आणि तो पहिल्यापेक्षा जास्त मासा दिसत होता. ती थांबली, पानं ओळीने लावली, बराच वेळ बघत राहिली. "मामा, हा बाजारी आहे."

हेच मला परवा सांगता येत नव्हतं. बाजारी पानाचा साधेपणा कोणी बसून ठरवलेला नाही. साडेपाचशे चिन्हांपैकी तीनशेव्याला हात स्वतःच गाळतो, काय लागतं आणि काय नाही ते. आज हेच आम्ही गिऱ्हाईकाला 'मिनिमल लोगो' म्हणून वेगळ्या दराने विकतो. कॉपी-पेस्टमध्ये पहिला मासा आणि पंचावन्नावा मासा एकच असतो. मधे हाताला काही सुचायला जागाच नाही.

पण हेही सांगितलं पाहिजे की वराहापाशी माझी पाठ गेली. उरलेले निम्मे रंग तिने टॅबलेटवरच केले, आपल्याच हाताने थकून सोपी झालेली चिन्हं घेऊन. दुसऱ्या दिवशी पणजीत स्टिकर शीटवर छापून घेतली, चकत्यांवर डकवली. जोड अर्धा हाताचा, अर्धा यंत्राचा आहे. शोधून दाखवा कुठला कुठला.

पाचवा दिवस : अडवलपाल, पणजी

गाडी ठरवून बांदा, दोडामार्ग, डिचोली. अडवलपालला शर्वाणी देवीचं देऊळ आहे, तिथल्या भिंतींवर कावी. पांढऱ्यावर लालसर तपकिरी, इतके दोनच रंग, आणि त्यांत वेलबुट्ट्या, देव, माणसं.

कावीला लोक भित्तिचित्र म्हणतात. खरं तर ते खरवडकाम आहे. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ एकत्र करून कित्येक दिवस मुरवायचं, कुटायचं, भिंतीवर लावायचं. त्यावर काव, म्हणजे लाल माती. आपल्याकडे हिरमुजी म्हणतात ती हीच जात, त्या नावातच होर्मुझ बंदर लपलेलं आहे. लाल थर ओला असतानाच लोखंडी टोच्याने नको तेवढी लाली खरवडून काढायची की खालचा पांढरा चुना दिसतो. वाळायच्या आत काम संपवायचं. भाचीची दोन बोटं इथे आपटून काही उपयोग नाही.

स्क्रीन प्रिंटिंगमध्येही आम्ही आधी सगळं झाकतो आणि हवं तेवढं उघडतो, त्यामुळे मला ही पद्धत जवळची वाटली. एका वेलीत कारागिराचा हात घसरलाय. एक पान जास्त लांब गेलं, मग त्याने पुढची सगळी पानं तशीच लांब ओढली. चूक नक्षीत मिसळून गेली. मी ते भाचीला दाखवलं. तिने फोटो काढला, पण म्हणाली, हे प्रकल्पात लिहिता येणार नाही, सर पुरावा मागतील.

गोव्यात किती ठिकाणी जीर्णोद्धाराच्या नावाखाली कावीवर ऑइल पेंट फासला गेला किंवा फरशा बसल्या, ते बोलायला नको. दुसरीकडे सागर नाईक मुळेंसारखे कलाकार आज ही पद्धत नव्याने करताहेत, म्हणून निदान हात तरी शाबूत आहे.

पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारातच निळ्या आझुलेजो फरशांचं चित्र आहे, 1935 सालचं, जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज कलाकाराचं. पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग : जहाजं, लाटा, वास्को द गामाची मंडळी. ही पण चित्रकथीच, फक्त राज्यकर्त्यांची. पिंगुळीची पोथी खांद्यावरून गावोगाव फिरली, ही भिंतीला चिकटून राहिली. ज्यांच्यासाठी सांगितली ते 1961 ला गेले, आणि आता लोक तिथे सावलीला उभे राहतात. चित्र मात्र देखणं आहे, त्याला काय करणार.

पणजीच्या फोंताइन्यस या जुन्या वस्तीत घराघरांवर त्याच पद्धतीच्या फरशा : घराचं नाव, नंबर, गल्लीचं नाव. दुकानांत मारियो मिरांडांची व्यंगचित्रं फरशीवर. एका घराच्या पाटीवर कोंकणी नाव, पोर्तुगीज कड आणि खाली कुत्र्यापासून सावध राहायची सूचना. कुत्रा झोपला होता.

सहावा दिवस : मांडवी

थिवीहून सकाळची मांडवी एक्सप्रेस. हिच्या खाण्याची ख्याती आहे, ती खरी आहे, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

कुडाळ गेल्यावर भाचीने चकत्या बाहेर काढल्या. तिसरा गडी हवा होता. समोर चिपळूणला उतरणारे एक निवृत्त गृहस्थ, मेंढीकोट आणि पाच-तीन-दोनवर आयुष्य काढलेले. गोल पत्ते बघून आधी म्हणाले, हे धरायचे कसे? बरोबर आहे. चौकोनी पत्त्याच्या कोपऱ्यात आकडा असतो, पंखा केला की सगळे कोपरे दिसतात. गोलाला कोपराच नाही. चाळीस पानं हातात मावेनात. शेवटी चिन्हांमागची जमीन रंगीत आहे, तेवढी कड दिसली की पुरे, हे त्यांनीच शोधून काढलं आणि पंखा जमवला. सीटवर वर्तमानपत्र पसरलं. पहिला डाव गोंधळात गेला, कारण कुठल्या पाच रंगांत एक्का मोठा ते तिघांनाही दर वेळी विसरायला होत होतं. दुसऱ्या डावात त्यांनी आम्हाला धुतलं. कूर्माच्या सत्तीवर बटाटेवड्याचं तेल लागलं. भाचीने पुसलं, डाग राहिला, आणि पुढच्या डावात ती सत्ती पाठीवरून ओळखायला यायला लागली, त्यावरून वाद.

रत्नागिरी सोडली. तिसरा डाव वाटून झाला आणि गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. डब्यातले दिवे लागले, खिडक्यांत आमचीच तोंडं दिसायला लागली.

"रामाचा राजा माझ्याकडे," गृहस्थ म्हणाले. "दुपारचा एक वाजून गेलाय. सुरुवात मी करणार."

"बाहेर बघा, काका," भाची म्हणाली. तिच्या हातात कृष्ण होता. "रात्र आहे."

"हा बोगदा आहे!"

"ताईंनी घड्याळाचं नाही सांगितलं. दिवसा राम, रात्री कृष्ण."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. मी पानं सारखी करत बसलो.